गादीची डावी बाजू

१

गळ्याशपथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे, रबरी बदकं तीन होती की चार ते आता नक्की आठवत नाही, आणि एका ठिकाणी मी स्वतःला आहे त्यापेक्षा जरा शहाणा करून सांगणार आहे. बाकी खरं. साधारण खरं.

बस. खुर्ची नाहीये इथे. खुर्ची ठेवली की माणूस पाहुणे बोलावतो, असं यांचं म्हणणं. गादीवरच बस. असा नको, उजवीकडे सरक. हां. डावी बाजू मोकळी राहू दे.

तू गाद्या न्यायला वर आलास आणि गाद्या सोडून माझ्या दारात उभा राहिलास. म्हणालास, "दादा, तुझ्यासारख्या टवाळाने ब्रह्मचर्य घेतलं कसं?" हे खाली सगळेच विचारतात, पण तू मावसभाऊ, आणि आता आपलं दुकानही तूच बघतोस. म्हणून तुला सांगतो. फुकट नाही सांगणार. गोष्ट खरी वाटली तर माझं एक काम करायचं. खोटी वाटली तर पाच मिनिटं या गादीवर आडवं व्हायचं. कबूल? मान हलवून चालणार नाही, तोंडाने बोल.

कबूल म्हणालास. मग ऐक.

२

तू कापडाच्या दुकानातून थेट गाद्यांवर आलास, म्हणून आधी धंद्याचं सांगतो. वर्षातून एकदा या वरच्या घरातल्या बावीस गाद्या खाली येतात. खोळ उसवायची, कापूस पिंजायचा, परत भरायचा, टाके घालायचे. पण उसवायच्या आधी बाबा गादीवरून तळहात फिरवायचे. माणूस वर्षभर एका जागी झोपला की कापसात त्याचा साचा पडतो. हा कुशीवर झोपतो. हिला झोप लागत नाही, टाचा घासत असते. हा रडतो, उशाकडचा कापूस बघ कसा गोळा झालाय. बाबांना गादी दाखवली की ते माणूस ओळखायचे. समोर माणूस आणून बसवला की मात्र गप्प.

वरच्या घरात लग्न न करण्याचं व्रत घेतलेली बावीस माणसं. खाली बायकांचा मजला, वर पुरुषांचा. एक नियम भिंतीवर लिहिलेला आहे, तू येताना वाचला असशील: गादी रिकामी राहू नये. बाकी दारांना कड्या नाहीत, फाटकाला कुलूप नाही, आणि तरी तोवर कुणी उतार उतरून खाली परत गेलेलं नव्हतं. लोक म्हणायचे, काय निष्ठा आहे बघा. मीही म्हणायचो.

आई गेल्यावर मला ताईने वाढवलं. झोपायचो एकाच गादीवर, ती उजवीकडे, मी डावीकडे. मी तिला हसवायचो आणि ती मला गोष्ट सांगायची. गोष्ट संपायच्या आत मी तिच्या उबेकडे सरकत सरकत तिला पार कडेला लोटलेलं असायचं.

मी पंधराचा असताना तिच्या शिवणाच्या डब्यात एक चिठ्ठी सापडली. छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याला लिहिलेली. 'रविवारी नदीवर येते. भुंग्याला काहीतरी थाप मारीन. तुमचीच.' भुंग्या म्हणजे मी.

ती चिठ्ठी मी जेवताना मोठ्याने वाचली. आवाज काढून. 'तुमचीच'ला मुद्दाम घोगरा आवाज लावला. मला वाटलं ताई पाठीत धपाटा घालेल, बाबा दोन शिव्या देतील, आणि मग तिघं हसू. हसलो मी एकटाच.

बाबांनी हात धुतले. दुकानातून टेप आणली आणि ताईला भिंतीशी उभं करून तिची उंची मापली.

ताई म्हणाली, "बाबा, कशाला?"

"रुंदी अडीच फूट पुरेल," बाबा म्हणाले. ते तिच्याशी बोलत नव्हते, टेपशी बोलत होते.

सकाळी गादी तयार होती. कोपऱ्यात ओळखीसाठी लाल दोऱ्याची गाठ. दुपारपर्यंत ताई वर पोचली होती. विचारेल त्याला बाबा सांगायचे, "तिचीच इच्छा होती." इतक्यांदा सांगितलं की पुढे त्यांना तेच आठवायला लागलं.

३

पहिल्या वर्षी बावीस गाद्या आल्या. लाल गाठीची मी आधी ओढून घेतली. बाबांनी तळहात फिरवला. उजव्या कडेला ताईचा साचा होता, पाय पोटाशी घेतलेला. बाबांचा हात पुढे सरकला, डावीकडे गेला आणि थांबला.

मीही हात लावून बघितला. डावीकडे दुसरा खड्डा होता. लांब, सरळ, उताणा.

"बाबा, हे काय?"

"पिंज."

"अहो पण..."

"पिंज म्हटलं ना."

मी स्वतःची समजूत घातली. सवय. सहा वर्षांची होती तेव्हापासून तिच्या डावीकडे मी झोपायचो. माझी जागा सोडून झोपत असेल बिचारी. मला बरंसुद्धा वाटलं. पण सोडलेल्या जागेला खड्डा पडत नाही, एवढी अक्कल मला तेव्हाही होती.

बाबा चहा प्यायला गेल्यावर मी बाकीच्या एकवीस गाद्या चाचपल्या. सगळ्यांना दोन. माणसाचा उजवीकडे, दुसरा डावीकडे. आणि जितकं माणूस या घरात जुनं, तितका त्याचा स्वतःचा खड्डा उथळ आणि दुसरा खोल. मोठ्या बाई म्हणजे इथल्या प्रमुख, चाळीस वर्षं झालेल्या. त्यांच्या गादीची उजवी बाजू नव्यासारखी सपाट होती. त्या बाजूला कुणी कधी झोपलंच नव्हतं जणू.

पिंजून घेतलं की सगळा कापूस सारखाच होतो. धंद्याची हीच गंमत आहे. वर्षभराचा माणूस दहा मिनिटांत उडून जातो.

४

गाद्या परत पोचवायला आलो की ताईला भेटायला दहा मिनिटं मिळायची, तीही तिच्या कामाच्या खोलीत. लांब टेबलं, खळीच्या वाट्या, पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या. शाळांत जाणारी गोष्टींची पुस्तकं आधी इथून स्वच्छ होऊन जातात. प्रेम, चुंबन, प्रियकर असलं काही आलं की त्यावर पट्टी डकवायची आणि वर दुसरा शब्द लिहायचा. ओळ गाळायची नाही, पान बिघडतं. त्यामुळे जिथे जिथे प्रियकर होता, तिथे ताईला मामा लिहायला सांगितलं होतं.

मी एक पान उचलून वाचलं. 'मामा तीन रात्री तिच्या खिडकीखाली उभा होता. शेवटी दोराला धरून वर चढला आणि म्हणाला, तुझ्यावाचून मला करमत नाही.'

"ताई, या मामाला आधी पोलिसात द्यायला पाहिजे."

पूर्वी ताई हसली की शेजारचे विचारायला यायचे काय झालं. आता तिने उत्तर द्यायच्या आधी मान किंचित डावीकडे वळवली, थांबली, आणि मग म्हणाली, "हळू बोल."

"कोण ऐकतंय?"

"कोणी नाही. हळू बोल."

खोलीत आणखी अकरा जण पट्ट्या चिकटवत होते. प्रत्येकाचं डावीकडचं स्टूल रिकामं होतं. बसायला जागा कमी, तरी रिकामं. मी एकावर बसायला गेलो तर ताईने माझं मनगट धरलं. जोरात. आणि लगेच सोडून दिलं, चटका बसल्यासारखं.

जिन्यात या घराच्या संस्थापकाचं मोठं चित्र आहे, ते तू बघितलंस. खुर्चीत बसलेला, दाढीवाला, शेजारी नुसता तपकिरी पडदा. तो एकेकाळी संसारी होता. व्रत घेतल्यावर त्याने चित्रातली बायको रंगवून पुसून टाकायला लावली. बायको गेली, पण त्याच्या डाव्या खांद्यावर तिची बोटं राहिली आहेत. चार. मी मोठ्या बाईंना म्हटलं, "बाई, रंगाऱ्याने तुम्हाला फसवलं. बोटं राहिली की."

त्या वर न बघता म्हणाल्या, "कुठली बोटं?"

५

आता बदकं.

पाच वर्षं गेली तोवर माझा तर्क पक्का झाला होता. बावीस ब्रह्मचारी आणि चव्वेचाळीस खड्डे. यात गूढ काही नाही, ढोंग आहे. कोण कुणाकडे जातं तेवढं पकडायचं, चारचौघांत फोडायचं, घराला टाळं लागेल आणि ताई खाली येईल. चिठ्ठी वाचून तिला वर पाठवलं मी, तर एक मस्करी करून खाली आणायचं काम पण माझंच. त्या दिवसांत मला दुसरं काही सुचत नव्हतं.

खेळण्यांच्या दुकानातून रबरी बदकं आणली, दाबलं की ओरडणारी. तीन गाद्यांत डावीकडे, कापसाच्या वरच्या थरात शिवून टाकली. चौथं ताईच्या गादीत शिवायचं की नाही ते ठरत नव्हतं, म्हणून तीन की चार ते आठवत नाही.

सकाळी गाद्या खोल्यांत घातल्या. दुपारी इथे कामाच्या माणसाला पंगतीच्या शेवटी जेवायला बसवतात. जेवताना कुणी बोलत नाही. मी माणसं मोजली. बावीस. परत मोजली. बावीस. सगळं घर माझ्यासमोर बसून भात खात होतं.

वरच्या मजल्यावर बदक ओरडलं.

पटकन नाही ओरडलं. कु-ई-ई करत, सावकाश, कुणीतरी आधी कडेला टेकावं आणि मग पाठ टाकावी तसं. मग शेजारच्या खोलीतलं. मग तिसरं.

मी हसायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. बावीस हात ताटावर थांबले होते. कुणी वर बघितलं नाही. थोड्या वेळाने हात परत चालू झाले. फक्त ताई माझ्याकडे बघत होती. पाच वर्षांत पहिल्यांदा तिने डावीकडे न बघता थेट माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मी प्रेमाची समजलो. मघाशी म्हटलं ना, एका ठिकाणी स्वतःला शहाणा करून सांगणार आहे. ते हे नव्हे. इथे मी मूर्खच होतो.

उतारावरून येताना मी स्वतःला सांगितलं, उंदीर. तीन उंदीर. एकामागून एक गादीवर आडवे होणारे.

पुढच्या वर्षी खोळी उसवल्या तेव्हा बदकं निघाली. वहीत ठेवलेल्या पानासारखी चपटी. डोळे मात्र शाबूत.

६

त्याच वर्षी, म्हणजे सहाव्या, लाल गाठीच्या गादीवर बाबांनी हात फिरवला. उजवीकडे काही नव्हतं. एक पुसटसा खळगा, मांजर झोपून गेल्यासारखा.

"संपत आली," बाबा म्हणाले.

"मी आणतो तिला खाली."

"तिचीच इच्छा होती," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता दोरा ओवत बसले. तीनदा सुई हुकली.

मी गादी घेऊन तिच्या खोलीत गेलो. दुपारच्या विश्रांतीची घंटा झाली होती. ऊन होतं, सगळं लख्ख दिसत होतं, हे मुद्दाम सांगतो. ताई दारात उभी होती. हातांची हाडं दिसत होती, पण चेहरा हसरा.

म्हटलं, "ताई, आज माझ्याबरोबर चल. कडी नाही, कुलूप नाही. नुसतं चालायचं."

"चल ना," ती म्हणाली. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. "पण आधी गादी नीट भरलीयेस का बघू दे. झोप जरा."

"आता कशाला? जायचंच आहे तर."

"अरे, झोप रे भुंग्या. डावीकडे, तुझ्या जागेवर. एक गोष्ट सांगते लहानपणीसारखी, मग जाऊ."

सहा वर्षांनी मला कुणी भुंग्या म्हटलं होतं. मी टोपी, जाकीट काढून खुंटीला लावलं आणि आडवा झालो. ती उजवीकडे बसली.

"एका मुलीला एक भाऊ होता," ती म्हणाली. "तो सगळ्यांना हसवायचा. मुलीला वाटायचं, जगात कुणी नसलं तरी हा आपल्या बाजूचा आहे. एकदा त्याने इतकं हसवलं, इतकं हसवलं, की मुलीचं हसूच संपलं."

"पुढे?"

"डोळे मीट, मग सांगते."

मी मिटले. ती उठली तशी उजवी बाजू हलकी झाली. ऊब तिथे अजून होती. मी आपोआप तिकडे सरकलो, लहानपणी सरकायचो तसा, आणि तिच्याकडे तोंड करून कुशीवर वळलो.

माझ्या पाठीमागे, जिथून मी सरकलो होतो, तिथला कापूस परत दबला. आधी कडेला. मग पूर्ण लांबीभर, सावकाश.

"ताई, बास झाली मस्करी," मी म्हणालो.

श्वासाचा आवाज नव्हता. उलट माझाच श्वास कुणीतरी नीट ऐकतंय असं वाटलं, एकही न चुकवता. मी डोळे उघडून खाली बघितलं. माझ्या डाव्या खांद्यावर सदऱ्याच्या कापडाला चार खळगे पडले होते. बघता बघता खोल होत होते. खळग्यांवर काही नव्हतं.

त्यापलीकडे मी मान वळवली नाही. अजूनही वळवत नाही.

खुंटीवर टोपी नव्हती, जाकीट नव्हतं. उशीला पांढरी पट्टी चिकटवलेली होती, खळ अजून ओली. अक्षर ताईचं.

'तू माझी चिठ्ठी मोठ्याने वाचलीस. ही मनात वाच.'

खिडकीतून उतार दिसतो. माझी टोपी घातलेलं कुणीतरी आपल्या दुकानाची हातगाडी ढकलत चाललं होतं. गाडी जड असल्यासारखं नाही, नाचत. आयुष्यभर मी लोकांना मामा बनवलं. मला एकदाच कुणी बनवलं, आणि तेही मस्करी न येणाऱ्या माणसाने.

७

मोठ्या बाई पांढरे कपडे घेऊन आल्या. म्हणाल्या, "वरच्या मजल्यावर खोली आहे. गादी हीच न्या."

मी म्हटलं, "बाई, मी गादीवाला."

"हो. गादी तुमचीच आहे."

मी पळालो. कुणी अडवलं नाही. घरी आलो, जमिनीवर चटई टाकून झोपलो. चटईला खड्डा पडत नाही. पण डावीकडची काडी न् काडी हळूहळू दबत गेल्याचा आवाज येतो. बाबांना हाका मारल्या. ते दारात आले, माझ्या डावीकडे बघितलं, आणि टेप आणायला गेले.

दोऱ्याच्या दुकानातल्या मुलीशी माझं जमत होतं, तुला माहितीय. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत बाकावर बसलो. बोलता बोलता ती सरकली, अजून सरकली, आणि म्हणाली, "जरा मोकळं बस ना, मधे काय ठेवलंयस?" मधे काही नव्हतं. तिचा हात धरायचं मनात आलं की खांदा दुखायचा. नुसतं मनात आलं तरी. ते काही करत नाही, सांगत नाही, मारत नाही. फक्त शेजारी असतं आणि ऐकतं. चौथ्या दिवशी मी माझ्या पायांनी वर आलो. इथे निदान सगळे डावीकडे जागा सोडून बसतात. बाबा खाली सांगत होते, त्याचीच इच्छा होती.

याला दोन वर्षं झाली. ताई खिळे जुळवणाऱ्याकडे सुखात आहे, वजन वाढलंय, मोठ्याने हसते, हे तूच सांगितलंस. मला ती एकदाही भेटायला आली नाही. मी रागावलो नाहीये. म्हणजे, रागावलोय. पण तिच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, याचा विचार रोज करतो, आणि उत्तर दरवेळी तेच येतं.

उजवीकडे हात लाव. तू बसलायस तिथेच. सपाट लागतंय ना? मी तिथे रोज झोपतो. ताईला सहा वर्षं लागली, मला दोनच.

लहानपणी तू सुट्टीत आलास की आपण तिघं एका गादीवर झोपायचो, आठवतंय? तू म्हणायचास, जगात दादा एकटा आपल्याशी खोटं बोलत नाही.

असो. संपली गोष्ट. आता ठरलेलं दे. खरी वाटली की खोटी?

खरी? बरं. मग माझं काम करायचं. काम साधंच आहे. टोपी, जाकीट खुंटीला लाव आणि पाच मिनिटं आडवा हो.

हो, दोन्हीकडून तेच होतं. आधी विचारायचं होतंस. कबूल म्हणालायस, तोंडाने.

डावीकडे.